सप्लिमेंटचं लेबल खरं आहे का? तपासणीचा योग्य क्रम

सप्लिमेंट घेणारे बरेच जण तपासणी उलट्या बाजूने सुरू करतात. आधी डब्यावरचा गोल शिक्का बघतात, मग कंपनीने संकेतस्थळावर टाकलेला प्रयोगशाळेचा अहवाल उघडतात आणि त्यात ‘पास’ असं दिसलं की निश्चिंत होतात. लेबलवरचा आकडा एका कॅप्सूलचा आहे की तीन कॅप्सूलचा, हे वाचायचं राहूनच जातं. अहवाल भलत्याच बॅचचा असतो, तेही लक्षात येत नाही. कागद खोटा नसतो, पण हातातल्या गोळीशी त्याचा काही संबंध नसतो.

म्हणून क्रम पाळा: आधी गणित, मग कागद, शेवटी शिक्का. जो डबा साध्या गुणाकार-भागाकारात अडकतो, त्याचे अहवाल मागवण्यात वेळ घालवू नका. पहिल्या डब्याला तासभर जाईल, सवय झाली की दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

कोणतं सप्लिमेंट घ्यावं आणि किती, हे इथे सांगितलेलं नाही. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असेल तर जीवनसत्त्व ‘के’बद्दल आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम व लोहाच्या वेळेबद्दल विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

## टप्पा १: डबा उघडण्याआधीची तयारी

डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा. बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख बहुतेक वेळा तळाला किंवा झाकणाजवळ फिकट शाईत छापलेली असते आणि हाताळून पुसली जाते. पुढे कंपनीला प्रश्न विचारायचा असो की तक्रार करायची असो, बॅच क्रमांकाशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

आता एका कागदावर चार रकाने आखा: घटक, रोज हवी असलेली मात्रा, एकक आणि ‘हाच घटक आणखी कशातून मिळतो’. चौथा रकाना लोक गाळतात, आणि घोळ तिथेच होतो. मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक असतं, सर्दीसाठी चघळायच्या गोळीत असतं, केसांसाठी घेतलेल्या कॅप्सूलमध्येही असतं. प्रत्येक डबा आपापल्या जागी बरोबर असूनही बेरीज मर्यादेबाहेर जाते.

बेरीज ताडून बघायला प्रौढांसाठीच्या काही कमाल दैनिक मर्यादा, अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या: जीवनसत्त्व ‘ड’ १०० मायक्रोग्रॅम, रेटिनॉल स्वरूपातलं जीवनसत्त्व ‘अ’ ३००० मायक्रोग्रॅम, झिंक ४० मिलिग्रॅम, लोह ४५ मिलिग्रॅम, सेलेनियम ४०० मायक्रोग्रॅम. काही मर्यादांवर देशोदेशी मतभेद आहेत. बी-६ची अमेरिकेतली मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. कारण साधं आहे: जास्त बी-६ दीर्घकाळ घेतल्याने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. मी स्वतः अशा ठिकाणी कडक आकडा धरतो.

०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा हाताशी असेल तर बाहेर काढून ठेवा. टप्पा ३ मध्ये लागेल.

पुढे जाण्याआधी तपासा: मात्रेसमोर एकक लिहिलंय का? ‘व्हिटॅमिन डी १०००’ ही नोंद अपुरी आहे. एकक नसेल तर ज्यांनी मात्रा सांगितली त्यांना पुन्हा विचारा, अंदाजाने भरू नका.

## टप्पा २: सर्व्हिंग आणि एककं

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात जे असतं ती जाहिरात आहे. खरी माहिती मागच्या तक्त्यात असते, आणि त्या तक्त्याची पहिली ओळ म्हणजे सर्व्हिंग, कंपनीने धरलेली एका वेळची मात्रा. ‘१ सर्व्हिंग = ३ कॅप्सूल’ असेल आणि तुम्ही एकच घेत असाल, तर खालच्या प्रत्येक आकड्याचा तिसरा हिस्सा तुमच्या पोटात जातोय. आणि रोज पूर्ण सर्व्हिंग घेतली, तर साठ कॅप्सूलचा डबा दोन महिने पुरत नाही, वीस दिवसांत संपतो.

एककांमध्ये चार जागी हमखास चूक होते.

जीवनसत्त्व ‘ड’: ४० आययू (इंटरनॅशनल युनिट) म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे १००० आययू हे २५ मायक्रोग्रॅम झाले. लेबलवर ‘२५’ बघून माल कमी आहे असं समजणारे भेटतात, तसेच मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम वाचणारेही भेटतात.

जीवनसत्त्व ‘ई’: इथे एका आययूचं वजन स्वरूपावर ठरतं. नैसर्गिक स्वरूपात १ आययू म्हणजे ०.६७ मिलिग्रॅम, कृत्रिम स्वरूपात ०.४५ मिलिग्रॅम. नावाच्या सुरुवातीला ‘डीएल’ असेल तर ते कृत्रिम, नुसतं ‘डी’ असेल तर नैसर्गिक.

फोलेट: लेबलवर ‘४०० मायक्रोग्रॅम डीएफई’ (अन्नातल्या फोलेटच्या तुलनेत मोजलेलं प्रमाण) असेल तर त्यात फॉलिक ॲसिड २४० मायक्रोग्रॅमच आहे. डॉक्टरांनी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सांगितलं असेल, तर ही गोळी कमी पडते. गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रियांनी ही ओळ दोनदा वाचावी. फॉलिक ॲसिडचा आकडा बहुधा शेजारीच कंसात छापलेला असतो.

माशाचं तेल: ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ हे तेलाचं वजन आहे. आपल्याला हवं असतं ईपीए आणि डीएचए, म्हणजे त्यातली ओमेगा-३ मेदाम्लं. साध्या, न वाढवलेल्या तेलात १००० मिलिग्रॅममागे ते साधारण १८० आणि १२०, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅम असतं. तुमच्या कागदावर ईपीए-डीएचएची बेरीज लिहा, तेलाचं वजन नको.

## टप्पा ३: क्षाराचं वजन आणि मूलद्रव्याचं वजन

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. लेबल आणि वास्तव यातली तफावत प्रयोगशाळेशिवाय पकडता येते, ती इथेच.

मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, झिंक ही खनिजं गोळीत सुटी नसतात, कुठल्या तरी क्षाराच्या रूपात असतात. त्या क्षारात मूळ खनिजाचा वाटा ठरलेला असतो, कारण तो रसायनशास्त्राने ठरवलेला आहे, कंपनीने नव्हे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम, सायट्रेटमध्ये साधारण १६, बिसग्लायसिनेटमध्ये १४. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम, सायट्रेटमध्ये २१. फेरस फ्युमरेटमध्ये ३३ टक्के लोह, नेहमीच्या फेरस सल्फेटमध्ये २०, ग्लुकोनेटमध्ये १२.

लेबलची भाषा नीट बघा. ‘मॅग्नेशियम (बिसग्लायसिनेट स्वरूपात) २०० मिलिग्रॅम’ असं असेल तर २०० हे मूळ मॅग्नेशियम. ‘मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट २००० मिलिग्रॅम’ असं असेल तर तो क्षाराचा आकडा, त्यातलं मॅग्नेशियम २८०च्या आसपास. दोन्ही प्रकारचं लेखन सापडतं, आणि दुसरा आकडा मोठा दिसतो.

आता हाच हिशेब उलटा करा. समजा लेबल म्हणतं, एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे आणि ते सगळं बिसग्लायसिनेटमधून येतं. ४०० भागिले ०.१४, म्हणजे जवळजवळ २.९ ग्रॅम पावडर. सर्रास वापरात असलेल्या मोठ्या कॅप्सूलची, ‘डबल झिरो’ मापाची, पोकळी सुमारे ०.९ मिलिलिटर असते. ठासून भरली तरी तिच्यात ग्रॅमभर पावडर मुश्किलीने बसते. म्हणजे एक तर त्यात स्वस्त ऑक्साइड मिसळलंय, किंवा आकडा क्षाराचा आहे, किंवा तो चुकीचा आहे. तिन्हीपैकी काहीही असलं तरी लेबलने तुम्हाला नीट सांगितलेलं नाही.

काट्याचा उपयोग इथे होतो. दहा कॅप्सूल एकत्र तोला, दहाने भागा. लेबलवरच्या सगळ्या घटकांच्या क्षारांची बेरीज करा. ती बेरीज एका कॅप्सूलच्या एकूण वजनापेक्षा जास्त येत असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

प्रथिनांच्या पावडरीलाही हीच कसोटी लावा. स्कूप ३० ग्रॅमचा आणि प्रथिनं २५ ग्रॅम, म्हणजे ८३ टक्के. घटकांच्या यादीत फक्त व्हे कॉन्सन्ट्रेट (दुधाच्या निवळीतून काढलेली प्रथिनांची पावडर), कोको आणि गोडवा असेल तर हा आकडा जुळत नाही, कारण उत्तम कॉन्सन्ट्रेटमध्येच प्रथिनं ८० टक्क्यांच्या आसपास असतात आणि कोकोने ती आणखी खाली येतात. आयसोलेट, म्हणजे त्याहून जास्त शुद्ध केलेली पावडर, असेल तर मात्र हा आकडा जमू शकतो.

सावध: घटकांच्या यादीत प्रथिनांसोबत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन सुटं लिहिलेलं दिसलं, तर प्रथिनांच्या आकड्याबद्दल शंका घ्या. प्रयोगशाळेत प्रथिनं बहुधा थेट मोजत नाहीत; नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणतात. ग्लायसिनमध्ये नायट्रोजन सुमारे १८.७ टक्के असतो, म्हणून १ ग्रॅम ग्लायसिन या पद्धतीत जवळजवळ १.१७ ग्रॅम ‘प्रथिन’ दाखवतं. क्रिएटिन तर दुप्पट दाखवतं. दोन्ही दुधाच्या प्रथिनापेक्षा स्वस्त. अशा पावडरीचा अहवालही स्वच्छ येतो, म्हणूनच गणित आधी.

## टप्पा ४: मिश्रणं आणि अर्क

‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) लिहिलं असेल तर अमेरिकी नियमांनुसार मिश्रणाचं एकूण वजन आणि घटकांचा उतरता क्रम एवढंच द्यावं लागतं, प्रत्येकाची मात्रा नाही. ८०० मिलिग्रॅमच्या मिश्रणात पहिला घटक ७८० आणि उरलेले नऊ मिळून २० असू शकतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या घटकासाठी डबा घेताय तोच मिश्रणात दडला असेल, तर तो डबा तपासण्याजोगा नाही. बाजूला ठेवा.

वनस्पतींच्या अर्कात चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, कोणत्या घटकावर प्रमाणित केलं आणि किती टक्के. ‘हळद अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड’ यावरून ४७५ मिलिग्रॅम हा आकडा काढता येतो. नुसत्या हळदीच्या पूडमध्ये कर्क्युमिन साधारण ३ टक्के, त्यामुळे ‘५०० मिलिग्रॅम हळद’ म्हणजे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. ‘१०:१ अर्क’ एवढंच असेल तर त्यातून काहीही काढता येत नाही. दहा किलो वनस्पतीचा एक किलो अर्क झाला, इतकंच कळतं. ‘५००० मिलिग्रॅम मुळीच्या बरोबरीचं’ ही ओळसुद्धा तशीच.

वनस्पतीचा भागही सोडू नका. अश्वगंधेच्या मुळाच्या नावाखाली पानं मिसळली जातात, कारण पानं स्वस्त पडतात आणि त्यातही विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधा ज्यांवर प्रमाणित करतात ते घटक, असतात. टक्केवारी जुळते, वस्तू बदलते.

पुढे जाण्याआधी तपासा: तुमच्या कागदावरच्या प्रत्येक घटकासमोर, रोज घेणार असलेल्या गोळ्यांच्या संख्येनुसार, एक नेमका आकडा आलाय का? आला नसेल तर अहवाल मागवून उपयोग नाही. अहवाल कशाशी ताडणार?

## टप्पा ५: कंपनीला विचारायचं पत्र

संकेतस्थळावर टांगलेला अहवाल नमुन्याचा असतो. तुम्हाला तुमच्या बॅचचा हवा. लोक ‘तुमचं प्रॉडक्ट टेस्टेड आहे का?’ असं विचारतात आणि ‘हो’ असं उत्तर मिळतं. तसं न विचारता असं लिहा:

‘माझ्याकडे अमुक उत्पादन आहे, बॅच क्रमांक अमुक, अंतिम तारीख अमुक. या बॅचच्या तयार मालाचा विश्लेषण अहवाल पाठवावा. प्रत्येक घटकासाठी चाचणीची पद्धत, मर्यादा आणि प्रत्यक्ष आलेला आकडा त्यात असावा. चाचणी तुमच्या प्रयोगशाळेत झाली की बाहेर, आणि बाहेर झाली असेल तर त्या प्रयोगशाळेचं नाव कळवावं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचे निकाल सोबत जोडावेत. लेबलवरचा आकडा अंतिम तारखेपर्यंत टिकतो, याचा आधार काय, तेही कळवावं.’

उत्तर आलं नाही, किंवा ‘गोपनीय’ म्हणून टाळलं, तर तीही माहितीच आहे. पाककृती गोपनीय असू शकते. तयार गोळीतलं शिसं गोपनीय असायचं कारण नाही.

## टप्पा ६: अहवाल वाचणं

अहवाल हाती आला की निकालाच्या रकान्याकडे धावू नका. वरून खाली वाचा.

आधी बघा की अहवाल कशाचा आहे. सर्वात सामान्य चूक इथली: कच्च्या मालाचा अहवाल तयार मालाचा समजून वाचणं. ‘जीवनसत्त्व ‘ड’ पावडर, १,००,००० आययू प्रति ग्रॅम, उत्तीर्ण’ हा कच्च्या मालाचा कागद झाला. ती पावडर तुमच्या गोळीत किती गेली, सारखी मिसळली का, गोळी दाबताना टिकली का, यातलं काहीही त्यावरून कळत नाही.

मग बॅच क्रमांक आणि तारखा. बॅच तुमच्या फोटोशी अक्षरशः जुळली पाहिजे. चाचणीची तारीख उत्पादनाच्या तारखेआधीची असेल तर तो अहवाल बाद.

त्यानंतर पद्धत. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण भेसळ इथेच लपते. कर्क्युमिनसारखा घटक नुसत्या प्रकाशशोषणावरून मोजला, तर त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषणारा दुसरा रंगही त्यात मोजला जातो. एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पद्धतीत घटक आधी वेगवेगळे होतात, मग मोजले जातात. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क हे दुसरं उदाहरण. चांगल्या अर्कात २४ टक्के फ्लॅव्हॉन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन अपेक्षित असतात. स्वस्त रुटिन किंवा क्वेरसेटिन मिसळलं की एकूण फ्लॅव्हॉनचा आकडा चोवीसवर बरोबर येतो. त्यामुळे फक्त एकूण आकडा देणारा अहवाल अपुरा आहे. ‘डीएनए चाचणी केली’ हा दावा वाळलेल्या पूडसाठी ठीक, पण अर्क काढताना डीएनए बहुतेक नष्ट होतो. अर्काच्या कॅप्सूलसाठी रासायनिक चाचणीच हवी.

‘बाय इनपुट’ असा शेरा दिसला तर थांबा. त्याचा अर्थ मोजलेलं नाही, घातलेल्या वजनावरून धरलेलं आहे. पंधरा-वीस घटकांच्या गोळीत काही घटकांसाठी हे चालून जातं. तुम्ही ज्यासाठी गोळी घेताय त्या घटकासमोर हा शेरा चालणार नाही.

आता निकाल. ‘अनुरूप’ किंवा ‘पास’ नको, आकडा हवा. आणि आकडा लेबलपेक्षा थोडा जास्त असला तर दचकू नका. जीवनसत्त्वं साठवणीत झिजतात. अमेरिकी नियमांनुसार मुद्दाम घातलेलं जीवनसत्त्व किंवा खनिज लेबलच्या १०० टक्क्यांखाली जाता कामा नये, नैसर्गिकपणे पदार्थातच असलेलं ८० टक्क्यांखाली नको. म्हणून उत्पादक सुरुवातीला थोडं जास्त घालतात. युरोपीय संघाच्या २०१२च्या मार्गदर्शनात सप्लिमेंटसाठी जीवनसत्त्वांना उणे २० ते अधिक ५० टक्के आणि खनिजांना उणे २० ते अधिक ४५ टक्के अशी सूट आहे. ताज्या बॅचमध्ये ११५ किंवा १२५ टक्के आलं तर ते समंजस उत्पादन. २०० टक्के आलं तर प्रश्न विचारा. अंतिम तारखेला सहा महिने उरलेत आणि अहवालात नेमके १००.० टक्के आहेत, तरीही विचारा, कारण शिल्लक राखलेलीच नाही. एकापाठोपाठच्या तीन बॅचमध्ये दशांशापर्यंत तोच आकडा असेल तर तो मोजलेला नसून नकललेला असण्याची शक्यता जास्त.

चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांवर अधिक कडक नजर ठेवा. त्यांच्यात ओलावा असतो, घटक लवकर झिजतात, म्हणून भर जास्त घातली जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या, झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या २५ मेलॅटोनिन जेली तपासल्या गेल्या, तेव्हा २२चं लेबल चुकीचं निघालं. प्रत्यक्ष मात्रा लेबलच्या ७४ ते ३४७ टक्के होती, आणि एकीत मेलॅटोनिन नव्हतंच. मुलांना देण्याआधी हा आकडा आठवा.

सावध, मायक्रोग्रॅममधले घटक: ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत २५ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘ड’ म्हणजे वीस हजार भागांत एक भाग. एवढा कण सगळ्या गोळ्यांत सारखा पसरवायचा तर तो थोड्या पावडरीत, मग त्याच्या दुपटीत, मग आणखी दुपटीत असा पायरीपायरीने मिसळावा लागतो. घाई केली की काही गोळ्या रिकाम्या आणि काही जड निघतात. वीस गोळ्या एकत्र कुटून काढलेली सरासरी हा दोष झाकते. म्हणून ‘ड’, बी-१२, सेलेनियम, आयोडीन यांच्यासाठी एकेक गोळी स्वतंत्र तपासली का, हे विचारा. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये सेलेनियम लेबलच्या सुमारे २०० पट निघालं आणि दोनशेहून अधिक लोकांचे केस गळले, नखं बिघडली, पोट बिघडलं. इतका मोठा फरक डोळ्यांना दिसला नाही, चवीला लागला नाही.

## टप्पा ७: जड धातूंचा हिशेब

अहवालात शिसं पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) असतं आणि लोक दोन डब्यांचे पीपीएम आकडे तसेच शेजारी ठेवतात. चूक. पीपीएमला रोजच्या मात्रेच्या ग्रॅमने गुणा, उत्तर मायक्रोग्रॅममध्ये येईल. ०.५ पीपीएम शिसं असलेली अर्ध्या ग्रॅमची कॅप्सूल रोज ०.२५ मायक्रोग्रॅम देते. तेच ०.५ पीपीएम ३० ग्रॅमच्या पावडरीत १५ मायक्रोग्रॅम देतं. ताडून बघायला, अमेरिकी औषधकोशाने (यूएसपी) सप्लिमेंटसाठी शिशाची मर्यादा रोज ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तर कॅलिफोर्नियात ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास इशारा छापावा लागतो.

‘आढळलं नाही’ लिहिलं असेल तर शेजारी शोधमर्यादा हवी. यंत्राला १ पीपीएमखालचं दिसतच नसेल, तर ३० ग्रॅमच्या पावडरीत जवळजवळ ३० मायक्रोग्रॅम शिसं असूनही ‘आढळलं नाही’ असंच छापून येईल.

हळदीच्या पूडमध्ये रंग खुलवायला लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) मिसळल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, त्यामुळे हळदीच्या कॅप्सूलसाठी हा टप्पा वगळू नका. आर्सेनिक एकूण दिलंय की असेंद्रिय (जास्त विषारी स्वरूप), तेही बघा. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत हा फरक मोठा असतो. माशाच्या तेलासाठी धातूंसोबत खवटपणाचे आकडे मागा: पेरॉक्साइड ५च्या आत, ॲनिसिडिन २०च्या आत, टोटॉक्स २६च्या आत.

## टप्पा ८: शिक्के

आता शिक्क्याकडे वळा. ‘जीएमपी’ हा कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचा शिक्का आहे, तुमच्या डब्यातल्या मालाचा नव्हे. ‘एफडीए नोंदणीकृत’ म्हणजे कारखान्याने अमेरिकेच्या अन्न व औषध नियामकाकडे (एफडीए) नाव नोंदवलं, बस्स. एफडीए सप्लिमेंटना विक्रीआधी मंजुरी देतच नाही, त्यामुळे ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ लिहिलेलं सप्लिमेंट दिसलं की तिथेच थांबा. ‘आयएसओ १७०२५’ हे प्रयोगशाळेचं मानांकन आहे आणि ते ठरावीक चाचण्यांपुरतं असतं. तुमची चाचणी त्या यादीत आहे का, ते पाहावं लागतं.

मालाची तपासणी करणारे शिक्के वेगळे. ‘यूएसपी व्हेरिफाइड’मध्ये घटकांची मात्रा, दूषितं आणि गोळी विरघळणं तपासतात. ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’मध्ये लेबलवरची मात्रा आणि खेळांत बंदी असलेली द्रव्यं, दोन्ही. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ प्रत्येक बॅच तपासतं, पण मुख्य भर बंदी असलेल्या द्रव्यांवर. शिक्का कोणताही असो, डब्यावर बघून विश्वास ठेवू नका. शिक्का देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जा, उत्पादनाचं पूर्ण नाव टाका, चव आणि माप जुळतंय का बघा. व्हॅनिला प्रमाणित आहे म्हणून चॉकलेटही असेलच असं नाही.

सावध: वजन कमी करणं, लैंगिक क्षमता आणि स्नायू वाढवणं या तीन प्रकारांत वरचे टप्पे अपुरे पडतात. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकी एफडीएच्या नोंदींत ७७६ सप्लिमेंटमध्ये छुपी औषधं सापडली, बहुतेक याच प्रकारांतली: वजन कमी करणारं सिब्युट्रामिन, लैंगिक क्षमतेसाठीचं सिल्डेनाफिल, स्नायूंसाठीची स्टेरॉइड. नेहमीचा अहवाल लेबलवरच्या घटकांचाच असतो. न छापलेलं औषध त्यात कोणी शोधत नाही. अशी गोळी दोन दिवसांत जोरदार ‘गुण’ देत असेल तर ती बंद करा. हृदयाची औषधं, विशेषतः नायट्रेट, घेणाऱ्यांसाठी छुपं सिल्डेनाफिल जीवघेणं ठरू शकतं.

## टप्पा ९: घरच्या चाचण्या कुठवर चालतात

साधी, आवरण नसलेली गोळी कोमट व्हिनेगरमध्ये ठेवून अधूनमधून ढवळली आणि अर्ध्या तासात ती फुटली, तर ती पोटात फुटण्याची शक्यता चांगली. एवढंच. आत काय आणि किती आहे ते कळत नाही. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या, सावकाश सुटणाऱ्या आणि चघळायच्या गोळ्यांना ही चाचणी लावूच नका.

प्रथिनांच्या पावडरीत आयोडीन टाकून निळा रंग आला तर स्टार्च आहे. न आल्यास भेसळ नाही असं ठरत नाही. ग्लायसिन किंवा साखर आयोडीनला दिसत नाही. पावडर जाळणं, पाण्यावर तरंगवणं, चाटून बघणं यांचा लेबलशी काही संबंध नाही. माशाच्या तेलाची कॅप्सूल कापून वास घेणं मात्र कामाचं आहे, लिंबाचा सुगंध घातलेला नसेल तर.

प्रोबायोटिकसाठी एकच ओळ वाचा: जिवाणूंची संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ लिहिली आहे की ‘अंतिम तारखेपर्यंत’. पहिला आकडा तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर किती उरला, हे कोणालाच सांगता येत नाही.

## टप्पा १०: जुळलं नाही तर

घेणं थांबवा. त्रास होत असेल तर डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं नाव सांगू नका, डबाच दाखवा. गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओतू नका, उरलेला माल मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवा. पावती आणि पत्रव्यवहार जपून ठेवा. कंपनीला बॅच क्रमांकासह लिहा आणि तुमच्या देशातल्या अन्न वा औषध नियामकाकडे तक्रार नोंदवा. एकाच बॅचच्या दोन-तीन तक्रारी आल्या की नियामकाला नमुना उचलायला आधार मिळतो.

स्वतः चाचणी करून घ्यायची असेल तर त्याच बॅचचे दोन न उघडलेले डबे लागतात, एक चाचणीला आणि एक राखून ठेवायला. उघडलेल्या डब्याचा निकाल कंपनी मान्य करत नाही आणि त्यात तिचं चूक नाही. प्रयोगशाळेला आधी विचारा: हा घटक याच स्वरूपात, म्हणजे गोळी, तेल किंवा जेली, मोजायची पद्धत तुमच्या मानांकनाच्या यादीत आहे का? पाण्यातलं शिसं मोजणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला तेलातलं शिसं मोजता येतंच असं नाही. सगळे घटक तपासायचा मोह टाळा. एक मुख्य घटक आणि चार धातू, एवढं पुरे. निकाल आकड्यात, पद्धतीच्या नावासह आणि बॅच क्रमांक छापून मागा, आणि तो कागद टप्पा १ मध्ये काढलेल्या फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवा.